जावई म्हशीशी बोलायचा

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे खवा आटवला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. रोजचंच काम होतं.

खवा एकट्यानं होत नाही. एकानं चुलीपुढं बसून जाळ राखायचा, दुसऱ्यानं कढईत उलथणं फिरवत राहायचं. हात थांबला की दूध बुडाला धरतं, आणि लागलेला खवा भोरच्या बाजारात कुणी वास घेऊनसुद्धा बघत नाही. लग्न झाल्यापासून जाळ माझा आणि उलथणं बायकोचं. तिचं तोंडही हाताबरोबरच चालायचं. मी लाकडं सारत ऐकायचो, म्हणजे अर्धं ऐकायचो.

त्या सकाळी ती माझ्याशी बोलत नव्हती. कढईशी बोलत होती. दुसऱ्या दिवशी भोरच्या कोर्टात तिची साक्ष होती, तिची उजळणी चाललेली.

"माझ्या डोळ्यानं पाह्यलं," ती म्हणत होती. "ताटातली भाकरी त्यानं पैली कुत्र्याला टाकली. कुत्र्यानं खाल्ली, मग आपुन खाल्ली. म्या तितंच बसले व्हते."

मी म्हणालो, "कढई न्यायाधीश हाय व्हय?"

"तुमच्यापरीस बरी," ती म्हणाली. "ऐकती तरी."

खवा चांगला झाला होता. तिनं तो पळसाच्या पानात बांधला, कढईची खरवड काढून माझ्या हातावर ठेवली, आणि कोर्टात नेसायला धुतलेलं लुगडं दोरीवर नीट पसरलं. मग भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "जरा टेकते." जेवायला हाक मारली तेव्हा उठली नाही.

एवढंच झालं. दवाखाना नाही, धावपळ नाही. मला अजून वाटतं की जाळ राखत असताना मी मान वर करून एकदा तिच्याकडं बघायला पाहिजे होतं. पण जाळ राखणारा माणूस जाळाकडंच बघतो.

आता लेकीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची वस्ती वेल्ह्याच्या वर डोंगरात. आम्ही धनगर, म्हशी राखणारे. पोटाला एकच लेक. ती कामथडीला दिली. माणसं आमच्यातलीच, पण खाली उतरून बागायती झालेली. पुण्या-साताऱ्याचा रस्ता त्यांच्या उशाला. जावई दिसायला चांगला, बोलायला गोड. मला 'मामा मामा' करायचा, गेलो की उठून पाट द्यायचा. दारू नाही, जुगार नाही, बाहेरची भानगड नाही. मी वस्तीवर येऊन सांगायचो, लेकीनं नशीब काढलं.

लेक माहेरी आली की तिच्या आईला काहीतरी खुपायचं. मला दिसत नव्हतं, तिनं दाखवलं. लेक माठापाशी उभी राहून विचारायची, "आये, पाणी पिऊ का?" चहाचा कप हातात घेऊन विचारायची, "घेऊ का?" बसायच्या आधी, उठायच्या आधी, न्हायला जायच्या आधी. ज्या घरात रांगली तिथं. मी म्हणालो, सासरची शिस्त असंल. बायको म्हणाली, "शिस्त असली तर सासरी राहू दे की. हितं कशाला घिऊन आली?"

मग ती कामथडीला जाऊन राहिली. लेकीला ताप होता, निमित्त मिळालं. परत आली ती वेगळंच तोंड घेऊन.

जावई लेकीशी बोलत नव्हता. भांडण नाही, रागावणं नाही. बोलणंच नाही. काही सांगायचं असलं की अंगणात बांधलेल्या म्हशीला सांगायचा आणि लेकीनं ते ऐकून करायचं. "बाई, घरात सांग, चहा टाक म्हणावं." "बाई, तुझ्या भणीला सांग, चार माणसांत येऊ नगं, शेणाचा वास येतो." शेजारपाजारचे हसायचे. लई गमत्या माणूस म्हणायचे. भाकरीचं कुत्र्याचं सांगितलंच. वर गावभर करून ठेवलेलं की बायको डोक्यानं कमी आहे. तिनं किल्ली कोनाड्यात ठेवली की हा काढून घ्यायचा, ती घरभर शोधून रडकुंडीला आली की परत तिथंच ठेवायचा आणि म्हशीला म्हणायचा, "बघ, येडीला डोळ्यासमोरची दिसत न्हाई." हे बायकोनं चुलीच्या कोपऱ्यातून स्वतः बघितलेलं. लेकीला वाटायला लागलेलं की आपलं खरंच डोकं फिरलंय.

मी भावकीची बैठक बोलावली. आमच्यात तसंच करतात. देवळापुढं दोन्हीकडची वडीलधारी माणसं बसली. लेकीला पुढं बसवलं. सगळ्यात थोरल्यानं विचारायला सुरुवात केली.

मारतो का? नाही.

दारू पितो? नाही.

दुसरी बाई ठेवली? नाही.

उपाशी ठेवतो? लेक थांबली. मग म्हणाली, नाही.

"मग झालं तरी काय?" थोरल्यानं विचारलं. चिडून नाही. खरंच कळत नव्हतं त्याला. मलाही कळत नव्हतं काय सांगावं. 'म्हशीशी बोलतो' हे चार माणसांत गाऱ्हाणं म्हणून कसं मांडायचं? एकानं मांडलं, तर बैठक हसली. जावईही मान खाली घालून हसला.

मग तो आपणहून उठला. पायातलं काढलं, देवळात गेला आणि भंडारा उचलला. आमच्यात देवाची हळद हातात घेऊन बोललं की विषय संपला. पुढं कुणी शंका काढायची नाही, काढली तर ती माणसावर नाही, देवावर. तो म्हणाला, "हिच्या अंगावर म्या कधी हात उचलला न्हाई." सगळ्यांनी एकमेकांच्या कपाळाला भंडारा लावला. लेकीच्याही लावला. दुसऱ्या दिवशी ती त्याच्यामागं गाडीवर बसून गेली.

देवळावरून घरी येताना बायको म्हणाली, "त्यो खोटं बोलला न्हाई. देवाला आपुन भलतंच इचारलं."

लेक परत आली ती एकटीच, हातात पिशवीसुद्धा नाही. खालच्या रस्त्यावर जीपमधून उतरून चालत चढून आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी दारातच दोर वळत बसलो होतो. मला म्हणाली, "आबा, आत येऊ का?"

तिची आई आतून आली. तिनं लेकीला काही विचारलं नाही. धरून आत नेलं आणि मला म्हणाली, "आता परत पाठवायचं नाव काढलं तर मीबी हितं ऱ्हायची न्हाई."

अंगणवाडीच्या बाईंनी तिला सांगितलं की भोरला एक सरकारी बाई बसतात, घरातल्या छळाचं तिथं लिहून घेतात. बायको लेकीला घेऊन गेली. ती कधी ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती. संध्याकाळी आली ती चपला न काढताच सांगायला लागली.

"त्या बाई म्हणत्या, निस्तं मारलं तरच छळ असं न्हाई. टोचून बोलणं, चारचौघांत मान खाली घालाया लावणं, येडी ठरवणं, ह्ये बी कायद्यात हाय. मनाला मारलेलं बी मारच धरत्यात."

"कोन धरतं?"

"सरकार."

"सरकारला ऐकू येतं व्हय त्ये?"

"कुणी सांगितलं तर येतं," ती म्हणाली. "आन ह्यो कायदा लई दिसांचा हाय म्हणं. आपल्या डोंगरावर चढला न्हाई एवढंच."

मला पटलं असं नाही. मार म्हणजे वळ, रक्त, सुजलेला डोळा. शब्दाचा वळ कोण दाखवणार आणि कोण बघणार? शिवाय भंडारा उचलून झाला होता. भावकीनं निरोप धाडला की कोर्टात गेलात तर देवाचा भंडारा गटारात टाकल्यासारखं होईल, मग तुमच्या दारात कुणी येणार नाही. डोंगरात कुणी दारात आलं नाही तर काय होतं ते खालच्या माणसाला सांगून कळायचं नाही. म्हैस दरीत घसरली तर दोराला धरायला हात लागतात. मी बायकोला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "आपली एक घसरलीय. तिला कोन हात लावतंय?"

अर्ज झाला. तारखा पडल्या. भोरचं कोर्ट मला पाठ झालं, म्हणजे बाहेरचा बाक आणि समोरची चहाची टपरी. लेकीसाठी सरकारातून मिळालेल्या वकीलबाईंनी आम्हाला नीट समजावलं. लेकीनं स्वतःचं सांगितलंय, पण समोरचे म्हणतात की तिचं डोकं ठिकाणावर नाही, मनचं रचून सांगते. म्हणून स्वतः बघितलेलं, ऐकलेलं दुसरं माणूस पाहिजे. मला विचारलं, "आजोबा, तुमच्यासमोर काही झालंय?" मी खरं ते सांगितलं. माझ्यासमोर काही नाही. माझ्यासमोर तो पाट मांडायचा.

म्हणजे साक्षीला एकच माणूस होतं, आणि ते भिंतीला टेकून बसलं ते उठलं नाही.

दुपार कलेपर्यंत वस्ती गोळा झाली. कोर्टासाठी दोरीवर घातलेलं लुगडं वाळलं होतं. बायकांनी विचारलं, कोणतं नेसवायचं? मी तेच दिलं. दुसरं धुतलेलं नव्हतं.

कामथडीची माणसंही आली. मयताला येऊ नका म्हणता येत नाही. जावई येऊन माझ्या पाया पडला, डोळे पुसले, लाकडं वाहिली. चारजणांत म्हणाला की मामी म्हणजे मला आईच होती. माणसं एकमेकांकडं बघून माना हलवत होती. लेक आईच्या पायथ्याशी बसलेली, तिच्याकडं त्यानं एकदाही बघितलं नाही.

मुलगा नाही, म्हणून अग्नी मीच दिला. परत आलो तर दिवस मावळतीला टेकलेला आणि म्हशी ओरडत होत्या. घरात कोण मेलं ते म्हशीला कळत नाही. कास भरली की ती ओरडते. सुतकात काय चालतं नि काय नाही ते विचारत न बसता मी बादली घेऊन गोठ्यात गेलो. गोठ्याच्या मधोमध कुडाची भिंत आहे, अलीकडं दुभत्या म्हशी, पलीकडं वैरण आणि एक म्हातारी भाकड म्हैस. मी खाली बसून धार काढायला लागलो. पलीकडं लेक वैरण टाकत होती, तिचा आवाज येत होता.

मग पावलं वाजली. जावयाचा आवाज आला. लई मऊ आवाज. जनावराच्या मानेवर हात फिरवताना काढतात तसा.

"बाई, म्हातारी गेली गं," तो म्हातार्‍या म्हशीला सांगत होता. "उद्या कोर्टात लई बोलणार व्हती. आता हिचं कोन ऐकणार? तू सांग हिला, तेरावा झाला की गप गाडीवर बस. तुझ्या बापाच्या तोंडात जीभ न्हाई. आन घरी आलीस की पैलं एक काम. आई कशानं मेली, तर पोरीच्या येडानं मेली, ह्ये रोज सकाळी उठून मोठ्यानं म्हणायचं. म्हणत न्हाई तवर भाकरी कुत्र्याला."

मी धार थांबवली नाही. का ते मला माहीत नाही. हात चालत राहिले. बादलीत दूध पडायचा आवाज त्याला ऐकू जात असणार, पण कुडापलीकडं कोण बसलंय हे त्याच्या ध्यानात आलं नाही, किंवा मी ऐकलं काय नि न ऐकलं काय, त्याला सारखंच असेल.

लेकीनं हातातली वैरण टाकली. मग म्हणाली, "म्हशीला पाणी पाजू का?"

माझ्या गोठ्यात, माझ्या म्हशीला. तो हसला आणि निघून गेला.

मी बैठकीचं सगळं आठवून बघितलं. मारतो का, पितो का, बाई ठेवली का. हा माणूस परत भंडारा उचलेल आणि परत खरंच बोलेल. आजही त्यानं हात उचलला नव्हता. म्हशीच्या मानेवर ठेवला होता, तोही हळूच.

बाहेर ओट्यावर माणसं बसली होती. थोरल्यानं मला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं की झालं ते वाईट झालं, पण आता तू एकटा, पोरीला जन्मभर कोण सांभाळणार? साक्षीचं माणूसच राहिलं नाही, तर ते कोर्टाचं काढून टाक, तेराव्यानंतर जावई तिला घेऊन जायला तयार आहे. जावई शेजारीच मान खाली घालून बसलेला. म्हणाला, "मामा, तुमी काळजी करू नका." मी काही बोललो नाही. ते म्हणाले, ठरलं मग.

रात्रीचं काही सांगत नाही.

सकाळी धारा काढल्या. चूल पेटवली नाही. सुतकाच्या घरी पेटवायची नसते आणि पेटवून तरी उलथणं कोण धरणार? दूध शेजाऱ्याच्या दारात ठेवून आलो. मग लेकीला म्हणालो, "चल."

"कुठं?"

"भोरला. तारीख हाय."

"सुतकात, आबा?"

"सुतकातच."

तिनं पायात चप्पल घालायच्या आधी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघत राहिलो. मग तिनं घातली.

खालच्या वाटेवर थोरला भेटला. म्हणाला, अग्नी दिलेल्या माणसानं असं गाव सोडून जायचं नसतं, एवढंही कळत नाही का? मी म्हणालो, कळतं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "पोरानं भंडारा उचललाय. तू बसला व्हतास तितं."

"त्यो खरं बोलला व्हता," मी म्हणालो. "म्या बी खरंच बोलणार हाय."

त्यानं वाट सोडली. पाठीमागून काही बोलला ते मी ऐकलं नाही. जीपनं नसरापूर, तिथून एसटीनं भोर. लेक खिडकीशी बसली. रस्त्यात एकदा आईचं नाव घेऊन रडली, मग पदरानं डोळे पुसले.

वकीलबाईंनी आम्हाला दोघांनाच बघून विचारलं, मी झालेलं सांगितलं. त्या म्हणाल्या, अशा वेळी पुढची तारीख मिळते, मी मागते. मी म्हणालो, मागू नका. तेरावा झाला की हिला नेणार आहेत. काल मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आज सांगतो, तेराव्यापर्यंत माझा धीर टिकेल का नाही मला माहीत नाही. त्यांनी अर्ज दिला, समोरच्या वकिलानं हरकत घेतली, थोडी बोलाचाली झाली, आणि न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, येऊ द्या त्यांना. जावई समोरच्या बाकावर होता. मला बघून पाट द्यायला उठावं तसा अर्धा उठला आणि बसला.

शपथेला देवाचं नाव घ्यायला सांगितलं. मी म्हणालो, सुतक आहे, देवाला शिवता येत नाही. आणि मागं एकदा या कामात आम्ही देवाला घातलंय, ते बास झालं. मॅडमनी सांगितलं, देवाशिवाय नुसतं खरं बोलतो म्हणालात तरी चालतं. मला माहीत नव्हतं तसं चालतं म्हणून. मी तसं म्हणालो.

मी माझं सांगायला लागलो तोच समोरचा वकील उठला. त्यानं मॅडमकडं बघून विचारलं, एकच प्रश्न विचारतो, मग वेळ वाया जायचा नाही. माझ्याकडं वळून म्हणाला, "जावयानं तुमच्या मुलीवर कधी हात उचलला का? हो की नाही?"

"न्हाई," मी म्हणालो. "कधीच न्हाई."

तो बसायला लागला. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. जावयानं मान खाली घातली, बैठकीत घातली होती तशीच.

"माझं सांगून व्हायचं हाय," मी म्हणालो. आणि काल संध्याकाळी कुडाअलीकडं बसून जे ऐकलं ते सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, त्याच्यासारखाच आवाज मऊ करून. लेकीपुढं ते बोलणं मला जड गेलं. पण तिनं ते रोज ऐकलेलं, मी एकदाच.

टाइप करणाऱ्या माणसाचे हात मध्येच थांबले. तो म्हणाला, "बाबा, 'म्हशीला म्हणाला', असंच लिहू?"

मी म्हणालो, "तसंच लिवा. म्हशीला म्हणाला. आन ऐकाया माझी लेक व्हती."